तात्याचं पाणी : नागपूरच्या उन्हाळ्यात इग्वाना सांभाळतानाच्या नोंदी

१० मार्च २०२४, रविवार

आज तात्या, म्हणजे आमचा इग्वाना (मोठा हिरवा सरडा), राहतो त्या कपाटातला कागद बदलताना त्याच्या शीतला पांढरा भाग बोटाला टणक लागला. हातमोजा होताच, म्हणून दाबून पाहिला, तर खडू मोडावा तसा टचकन तुटला. रंगही पांढराशुभ्र नाही, कडेला पिवळट.

एवढ्यासाठी वही का उघडली ते लिहून ठेवते. इग्वाना नुसती पातळ लघवी करत नाही. शरीरातला नायट्रोजनचा कचरा तो युरिक आम्लाच्या रूपात, जवळजवळ घट्टच बाहेर टाकतो, आणि त्यात पाणी फार थोडं खर्ची पडतं. अंगात पाणी पुरेसं असलं की हा पांढरा भाग दह्याच्या कवडीसारखा मऊ असतो आणि भोवती थोडं स्वच्छ पाणी असतं. खडू झाला म्हणजे शरीर थेंबन्‌थेंब पिळून घेतंय.

वाटी मात्र भरलेली. रोज सकाळी भरते, संध्याकाळी तेवढीच्या तेवढी ओतून टाकते. गेले दोन महिने याचा अर्थ मी 'तहान नाही' असा लावत होते.

आजची मापं: नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत साडेतीन फुटांना जरा कमी. वजन १,३१० ग्रॅम (कपड्यांची टोपली काट्यावर ठेवून, टोपलीचं वजन वजा करून). जानेवारीत मावसभाऊ त्याला आमच्याकडे सोडून बंगळूरला गेला तेव्हा १,३६० होतं. पन्नास ग्रॅम कुठे गेले?

यापुढे रोज एक शब्द लिहायचा: खडू, मधली किंवा कवडी. आज: खडू.

१२ मार्च

हवा तपासली. कपाटात मावसभावाने लावलेलं काट्याचं आर्द्रतामापक आहे, ते ६० टक्के दाखवतंय. इग्वानाला ६० ते ८० हवी, म्हणजे हवा ठीक. मग पाणीच कमी पडत असणार. दुसरी वाटी ठेवली, मोठी, स्टीलची. तात्या तिच्यात जाऊन बसला आणि तिच्यातच हगला. खडू.

१४ मार्च

डॉक्टरांकडे नेला. सरपटणारे प्राणी बघणारे डॉक्टर शहरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच, त्यामुळे तास-दीड तास थांबावं लागलं. शेजारी मांजर घेऊन बसलेल्या आजींनी सगळा वेळ पाय वर घेऊन ठेवले होते.

डॉक्टरांनी खांद्यामागची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच बसली नाही, तंबूसारखी उभी राहिली आणि मग सावकाश खाली आली. तोंड उघडलं तर लाळ तार धरत होती. डोळे थोडे आत. "खायला काय देता ताई?" पालेभाज्या, दुधी, आणि आठवड्यातून दोनदा उकडलेलं अंडं, भिजवलेले हरभरे. मावसभाऊ द्यायचा, मीही चालू ठेवलं होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

त्यांचं म्हणणं असं. हा प्राणी पक्का पालाखाऊ. अंड्याचं प्रथिन पचवलं की युरिक आम्ल वाढतं, ते बाहेर टाकायला मूत्रपिंडाला पाणी लागतं, आणि पाणीच नसेल तर ते आत साचायला लागतं: आधी मूत्रपिंडात, मग सांध्यांत. पाळलेले इग्वाना मरतात त्याच्या मोठ्या कारणांपैकी हे एक. आणि मूत्रपिंड बोंबलत नाही. जनावर खाणं सोडतं तोवर बरंच काही गेलेलं असतं.

शेपटीच्या शिरेतून रक्त घेतलं, कुशीतल्या सैल कातडीखाली सलाईन दिलं. निघताना म्हणाले, "हे सलाईन आठवडाभराचं आहे. घरची हवा तीच राहिली तर पुढच्या गुरुवारी परत याल."

हवा तर ६० टक्के आहे, असं मी ठासून सांगितलं. ते म्हणाले, "नागपुरात? मार्चमध्ये?"

१६ मार्च

डॉक्टरांच्या त्या 'नागपुरात?'ने दोन दिवस झोप लागली नाही. आज मापकाचीच परीक्षा घेतली. शाळेतलं रसायनशास्त्र पहिल्यांदा उपयोगी पडलं: मीठ पाण्यात विरघळेनासं होईपर्यंत घातलं, की त्या ओल्या मिठावरच्या बंद हवेत आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. बाटलीच्या झाकणात दोन चमचे मीठ, वर थोडं पाणी, मीठ ओलं व्हावं पण त्याचं पाणी होऊ नये इतकंच. झाकण आणि मापक दोन्ही झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवलं.

सकाळी काटा: ६०.

मग पिशवीतून काढून गॅसजवळ धरला, ६०. ओल्या फडक्यात गुंडाळला, ६०. टिचकी मारली तेव्हा ५९ झाला आणि परत ६० वर गेला. बिचारा कधीचाच मेलेला होता.

संध्याकाळी दोन डिजिटल मापकं आणली. दोघांचीही मिठाची परीक्षा घेतल्याशिवाय कपाटात लावणार नाही.

१८ मार्च

एक मापक मिठावर ७४ दाखवतं, दुसरं ७८. चालेल, दुसऱ्यातून तीन वजा करायचे.

दुपारी चार वाजता: खोलीत २१ टक्के, कपाटात दिव्याखाली १४.

चौदा! बिस्किटं उघडी ठेवली तर सात दिवस कुरकुरीत राहतील अशी हवा. त्यात मी त्याला वर ३६ अंशांचा दिवा लावून ठेवला होता.

रक्ताचा अहवाल आला: युरिक आम्ल वाढलेलं, फॉस्फरस-कॅल्शियम ठीक. अजून वेळ गेलेली नाही. अंडं-हरभरे बंद केलेच होते.

रात्री उशिरापर्यंत वाचत बसले. सरडा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर माळरान आणि तापलेला दगड येतो. हिरवा इग्वाना मात्र मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, झाडावर राहणारा, बहुतेक नदीकाठी. धोका दिसला की फांदीवरून थेट पाण्यात उडी मारतो आणि शेपटीने पोहत जातो. तिथे हवा दमट, पानं रसाळ, आणि पाऊस पडला की पानापानावर थेंब. वाटीभर साचलेलं निवांत पाणी त्याच्या पूर्वजांनी कधी ओळखीचं मानलंच नसावं. अंगाला लागणारं बरंचसं पाणी तो पाल्यातूनच घेतो, उरलेलं थेंब चाटून. आणि मी त्याला स्टीलची वाटी देऊन 'पी' म्हणत होते.

२५ मार्च, धुळवड

दारं-खिडक्या बंद. गल्लीतली पोरं फुगे मारत होती. दिवसातून चार वेळा फवारा मारला, कपाट दहा मिनिटं ७० वर जातं आणि पुन्हा २० वर. फवाऱ्याने काही होणार नाही. मधली (सलाईनची कृपा).

३१ मार्च

सलाईनवरूनच कल्पना सुचली. मेडिकलमधून नवा कोरा आयव्ही सेट (सलाईन लावायची नळी) आणला. दुकानदाराने विचारलं, "पेशंट कोण?" मी म्हटलं, सरडा. त्याने पैसे घेतले आणि पुढचं गिऱ्हाईक बघितलं.

जोडणी अशी: एक लिटरची प्लास्टिकची बाटली कपाटाच्या वरच्या फळीवर उलटी. बुचात सेटचं टोक खुपसलं, बाटलीच्या बुडाला वरून एक बारीक भोक, नाहीतर हवा आत जात नाही आणि धार थांबते. नळी छतातल्या भोकातून आत. सेटच्या पाकिटावर लिहिलेलं असतं, २० थेंब म्हणजे १ मिली. चाकी फिरवून मिनिटाला २० थेंब लावले, म्हणजे तासाला ६० मिली. सकाळी तीन तास चालवायचं, १८० मिली.

पहिल्या दिवसाचा निकाल: सगळं पाणी एकाच जागी प्लायवूडवर. फळी फुगली. सुतारकाकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मी तेव्हाच म्हटलं होतं, कपाट कपड्यांसाठी असतं." आता आतून पीव्हीसीची शीट लावायची, तळाला ट्रे.

२ एप्रिल

शीट लागली. थेंबाखाली जास्वंदीच्या तीन फांद्या आडव्या बांधल्या, पानांसकट. थेंब वरच्या पानावर पडतो, घरंगळत दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर, मग ट्रेमध्ये. पानं हलतात, चमकतात.

आई चहा घेऊन आली, बराच वेळ बघत राहिली. "अगं, ही तर महादेवावरची गळती!" वैशाखात पिंडीवर तळाला भोक असलेला घडा टांगतात ना, थेंब थेंब पाणी पडत राहतं, तसंच. तेव्हापासून घरात त्या यंत्राला गळती म्हणतात. सकाळी आईच विचारते, "तात्याची गळती लावली का?"

तात्या मात्र वरच्या फांदीवर पाठ करून बसलेला.

५ एप्रिल, शुक्रवार

आज प्यायला!

सकाळी ८.४०. जास्वंदीच्या मधल्या पानाच्या टोकाला थेंब लोंबत होता, पडायच्या बेतात. तात्या दोन पावलं सरकला, मान तिरकी केली, एका डोळ्याने थेंबाकडे पाहत राहिला. पुढचा थेंब आला तेव्हा पहिला सुटला आणि त्याच्या नाकावर पडला. डोळे मिटले, उघडले. मग जीभ आली: जाड, गुलाबी, टोकाला जरा गडद. पान चाटलं. पुन्हा चाटलं. मग पानाची कडच तोंडात धरली, जबडा हलवत राहिला, आणि गळ्याखालचा तो पंख्यासारखा पडदा वरखाली होत होता. मी श्वास रोखून घड्याळ बघत होते. अकरा मिनिटं.

दोन महिने मी वाट्या भरत होते.

९ एप्रिल, गुढीपाडवा

गुढीच्या आंब्याच्या डहाळीवर तात्याचा डोळा होता, दिली नाही. कडुलिंबही नाही. दुधीच्या किसाचा नैवेद्य दिला. मधली.

१३ एप्रिल

आता खाण्यातलं पाणी. थोडी आकडेमोड: काकडी आणि दुधीत सुमारे ९५ टक्के पाणी, लाल भोपळ्यात ९० च्या वर, पालेभाज्यांत बहुधा ८५ ते ९०. मला वाटलं, मग काकडीच काकडी द्यावी. तीन दिवस दिली. शी पातळ झाली आणि तात्या शेवग्याकडे बघेनासा झाला, पोरांना चॉकलेटची सवय लागते तसं. काकडी म्हणजे नुसतं चावायचं पाणी, त्यात कॅल्शियम कुठलं? बंद.

आता ठरलेला बेत: पाऊण भाग पाला (शेवगा, तुती, जास्वंद, मेथी, मोहरीचा पाला मिळाला तर), पाव भागात दुधी, भोपळा, घेवडा. फळ अगदी चवीपुरतं, पपईचा तुकडा. पालक रोज नाही, त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम बांधून ठेवतं. फड्या निवडुंगाचे कोवळे पान एकदा मिळालं, काटे गॅसवर जाळून, सोलून दिलं. त्यात पाणी आणि कॅल्शियम दोन्ही. तात्याने नाकाने ढकलून पाहिलं आणि मग सगळं संपवलं.

मुख्य युक्ती आईची: पाला धुऊन निथळायचा नाही. आपण भाजी चिरण्याआधी चाळणीत ठेवतो, तो संस्कार इथे उलटा. पाणी ठिबकत असतानाच ताटलीत. एका ताटलीमागे किती पाणी जातं ते मोजलं: धुवून झटकलेला पाला २२० ग्रॅम, तोच न झटकता २५२. बत्तीस ग्रॅम पाणी फुकट पोटात.

२१ एप्रिल

आंघोळ. वेगळा निळा टब, त्याला कोणी दुसऱ्या कामाला हात लावायचा नाही. इग्वानाच्या आतड्यात साल्मोनेला जंतू असू शकतात, त्याला काही होत नाही, आपल्याला होतं. म्हणून न्हाणीघरातली बादली नाही, स्वयंपाकघराचं बेसिन तर मुळीच नाही, आणि नंतर हात साबणाने.

पाणी ३० अंश, हाताला कोमटही न वाटणारं. खोली त्याच्या कोपरापर्यंत. पंधरा-वीस मिनिटं, मी समोर बसून. पाचव्या मिनिटाला हगला (हे सगळेच इग्वाना करतात म्हणे), पाणी बदललं, मग डोकं बुडवून चार-पाच घोट प्याला.

आंघोळीतलं पाणी कातडीतून आत मुरतं असं बरेच जण सांगतात. ती खवलेदार कातडी बनलीच आहे पाणी अडवायला. फायदा होतो तो तोंडाने प्यायल्याने आणि पोट साफ झाल्याने. म्हणून आठवड्यातून तीनदा पुरे, रोज ओढाताण नको.

कवडी! पहिल्यांदा. फोटो काढून डॉक्टरांना पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला.

२८ एप्रिल

सकाळी काचेवर पांढरे ठिपके, वाळलेले. तात्या शिंकतोय, फुस्स करून. नाकपुड्यांना पांढरी कड. मला सर्दीच वाटली, वाफारा द्यायच्या तयारीत होते. आधी फोन केला हे बरं.

सर्दी नाही, मीठ आहे. इग्वानाच्या नाकात मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात. पाल्यातून पोटॅशियम भरपूर येतं, ते मूत्रपिंडाने पाणी खर्चून बाहेर टाकण्याऐवजी तो नाकातून खारट द्रव करून शिंकून टाकतो. पाणी वाचवण्याची आणखी एक सोय. काचेवरचा ठिपका बोटाने चाटून बघावा असा मोह झाला, साल्मोनेला आठवला.

काळजी कधी करायची तेही विचारून घेतलं: नाकातून चिकट, पिवळट काही आलं, तोंड उघडं ठेवून श्वास घेऊ लागला, तर लगेच आणायचं.

५ मे

कात टाकायला सुरुवात. पाठीवरून मोठे तुकडे छान सुटले, पण डाव्या मागच्या पायाच्या लांब बोटावर जुन्या कातीचा एक आवळ छल्ला राहिलाय. कोरड्या हवेत हेच होतं: छल्ला वाळून आवळतो, रक्त पोचत नाही, बोट काळं पडून गळतं. उजव्या पायाच्या एका बोटाचं टोक असंच गेलेलं आहे, मावसभावाकडे असतानाच.

ओढायचं नाही. आंघोळीनंतर ओल्या कापसात बोट दहा मिनिटं गुंडाळून ठेवलं, मग कापसाच्या काडीने हळूच गोल. चौथ्या दिवशी (८ मे) सुटला. छल्ला वहीत चिकटवलाय, इथे खाली. भाताच्या तुसासारखा दिसतो.

११ मे

माझी चूक, लिहून ठेवायलाच हवी. परवा आणि काल रात्री गरम होतंय म्हणून तात्याच्या खोलीत एसी लावला, २४ अंशांवर. 'त्यालाही बरं वाटेल' असा विचार. सकाळी मापक: २६ टक्के. तात्या गडद, मरगळलेला, दुपारपर्यंत ताटलीला तोंड लावलं नाही. शी: खडूकडे झुकलेली मधली.

एसी हवा गार करताना तिच्यातलं पाणी काढून बाहेरच्या नळीने टपटप टाकत असतो. वर गारठ्यात त्याचं पचन थांबतं. इग्वाना पाला आंबवून पचवतो, मागच्या आतड्यातल्या जिवाणूंच्या मदतीने, आणि ते जिवाणू उबेवर काम करतात. म्हणजे एका बटणाने मी त्याचं पाणीही काढलं आणि पोटही बंद केलं.

१२ मे

कूलर! नागपुरात जन्मून मला हे दोन महिने सुचू नये?

एसी पाणी काढतो, कूलर पाणी घालतो. बाहेरची हवा ४३ अंश, १२ टक्के. ओल्या ताट्यांमधून आत आली की पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. दुपारी तीन वाजता खोलीत ३० अंश, ४८ टक्के. कपाटात गळती आणि ओल्या फांद्या धरून ६४. वर दिव्याखाली ३६, खाली सावलीत २९. हे सगळं मिळायला मी फॉगर (धुकं सोडणारं यंत्र) मागवणार होते.

अटी: कूलरचा झोत थेट कपाटावर नाही, खोलीत. खिडकी एक फट उघडी, नाहीतर हवा कोंदट होते. पाण्यात वाळ्याचं अत्तर वगैरे काही टाकायचं नाही (आईचा विरोध, "वासाशिवाय कूलर म्हणजे काय!"). टाकी दर रविवारी घासून, उपसून, कारण साचलेलं पाणी म्हणजे डेंग्यूचे डास आणि ताट्यांवर शेवाळ.

धाकट्याची तक्रार: घरात सगळ्यात नवा कूलर सरड्याच्या खोलीत.

२५ मे, नवतपा सुरू

रोहिणीत सूर्य. सकाळी सातच्या आतच दहा मिनिटं गच्चीवर ऊन, कारण काचेतून येणाऱ्या उन्हात यूव्हीबी (एक प्रकारचे अतिनील किरण) नसतं आणि यूव्हीबीशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही. साडेसातला फरशी पोळायला लागली, आत.

दुपारी १.१० ते ४.०५ लाइट नाही. कूलर बंद, दिवाही बंद. कपाट ३९ अंशांवर जायला लागलं. दारं उघडली, वरून ओलं गोणपाट टाकलं, गळती मिनिटाला ४० वर नेली (तिला वीज लागत नाही, हे किती बरं). गोणपाटावर हात फिरवत आईने पंखा हलवला, वारा घालत दोन तास. ३५ वर थांबलं. तात्या खालच्या फांदीवर, तोंड जरा उघडं. चार वाजता लाइट आली तेव्हा आम्ही दोघी त्याच्यापेक्षा जास्त सुकलेल्या.

३० मे, गुरुवार

आज सगळ्या गावात एकच गोष्ट: नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश नोंदले गेले! धाकटा फोन घेऊन धावत आला. मी आधी तात्याच्या मापकाकडे बघितलं.

१ जून

हवामान खात्याने सांगितलं, तो आकडा सेन्सरच्या बिघाडाचा. खरं तापमान त्याहून बरंच खाली. मला त्या केंद्रावरच्या माणसाविषयी फार आपुलकी वाटली. त्याला मिठाचं झाकण आणि झिपची पिशवी पाठवावीशी वाटते.

कवडी, पाचव्यांदा लागोपाठ.

८ जून

मृग लागला, ढग आले, गेले. वजन १,३७५.

शेजारच्या काकूंनी बाल्कनीतून तात्याला पाहिलं आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, 'अमुक फ्लॅटमध्ये घोरपड ठेवली आहे.' संध्याकाळी सचिव दारात. घोरपड ठेवणं गुन्हाच आहे, ती आपल्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि ती मांसाहारी, दुभंगलेल्या जिभेची, करड्या रंगाची. हा हिरवा, शेवगा खाणारा, गालावर थाळीएवढं (बरं, रुपयाएवढं) गोल खवलं. सचिवांनी शेवगा खाताना बघितलं आणि शांत झाले.

इग्वाना साइट्स कराराच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणून २०२२च्या दुरुस्तीनंतर तो आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत येतो. फेब्रुवारीच्या शेवटी नियम आलेत, सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची आहे, सहा महिन्यांत. मावसभावाकडून कागद मागवलेत. तो 'पाठवतो' म्हणतोय एप्रिलपासून.

२४ जून

पाऊस नीट लागला. खोलीत काहीही न करता ७८ टक्के. कूलर बंद. गळती बंद.

दुपारी बाल्कनीच्या जाळीआड कुंडीतल्या तुतीवर त्याला बसवलं. पाऊस तिरका येत होता. पाठीवर थेंब पडले तसा आधी चपटा झाला, मग डोकं वर करून स्थिर बसला, डोळे मिटून. पाणी डोक्यावरून नाकाकडे ओघळायचं आणि तो ओठ चाटायचा. पानांना हातही लावला नाही. आईने दार लोटून घेतलं, म्हणाली, "राहू दे त्याला."

७ जुलै

आता उलटी अडचण. कपाटात ९०, मागच्या कोपऱ्यात फांदीवर पांढरी बुरशी. सतत ओलं अंग आणि कोंडलेली हवा म्हणजे पोटाखालच्या खवल्यांना फोड. फांद्या बदलल्या, वर छोटा पंखा लावला, बाहेर हवा ओढणारा. ट्रेमधला कागद दिवसातून दोनदा. आंघोळ आठवड्यातून एकदा.

१४ जुलै, रविवार

दुसरं रक्त तपासलं: युरिक आम्ल मर्यादेत. डॉक्टरांनी कातडी चिमटीत धरली, सोडली, लगेच बसली. वजन १,४०५. पोर्टलवरची नोंद परवा झाली, मावसभावाने शेवटी कागद पाठवले.

सेट फेकून दिला (नळीत हिरवट थर धरला होता, पुढच्या वर्षी नवा), बाटली धुऊन माळ्यावर. कूलर वाळवून, ताट्या काढून झाकला.

थंडीसाठी वहीची वेगळी पानं लागतील. डिसेंबरात नागपूर १० अंशांखाली जातं, हीटर लावला की हवा पुन्हा कोरडी. कपाटाच्या दारांना रबराची पट्टी हवी, फटी फार आहेत. सुतारकाकांना सांगितलंय. ते म्हणाले, "येतो."